जपानच्या एका खोऱ्यांतील पाहुणचार

टोकियोचे गगनचुंबी मनोरे आणि क्योटोचीं प्राचीन देवालयें पाहिलीं, म्हणजे जपानचें दर्शन पूर्ण झालें अशी परदेशी प्रवाशांची सामान्य समजूत असते. २०२४ सालीं त्या देशांत ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले आणि त्यांतील फार मोठा भाग याच दोन-चार नगरांच्या आसपास फिरला. एकीकडे गर्दीनें क्योटोचे रहिवासी त्रासून गेले, तर दुसरीकडे डोंगराळ प्रांतांतील गांवें तरुण माणसांवांचून ओस पडत चाललीं. या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून जपानी सरकार व निरनिराळे प्रांत पाहुण्यांना आडबाजूच्या मुलखाकडे वळवूं पाहतात. त्यांना सांगण्यांत येतें, कीं नुसतें पाहून परतूं नका. कागद करा, फेरांत नाचा, आगटीशेजारीं बसून जेवा, खेड्यांतील घरांत निजा. या साऱ्याला ‘अनुभव’ असें नांव पडलें असून तो आतां मोल देऊन घेतां येतो.

परंतु येथेंच एक अवघड प्रश्न उभा राहतो. गांवाची एखादी जुनी चाल पाहुण्यांना दाखविण्याची वस्तु झाली, म्हणजे ती चाल उरते कीं केवळ तिचें सोंग उरतें? पाहुणा आला नाहीं तर पोट भरत नाहीं, आणि फार आला तर गांव गांवासारखें राहत नाहीं. नुसत्या वादविवादानें या प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं. एखादें खोरें घेऊन, त्यांतील गांवांनीं तो कसा सोडविला अथवा कोठें सुटला नाहीं, हें पाहणेंच अधिक उपयोगाचें. अशा दृष्टीनें मध्य जपानांतील गिफू प्रांताइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच मिळेल.

गिफू प्रांताला समुद्रकिनारा नाहीं. दक्षिणेकडील मिनो आणि उत्तरेकडील हिदा हे दोन जुने प्रांत एकत्र करून तो बनला आहे. मिनोचा मुलूख सपाट व पाणथळ, तर हिदाचा पर्वतमय. या प्रांतांतून नागारा नांवाची नदी सुमारे १६६ किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या कांठानें वर वर जाणाऱ्या प्रवाशाला एकापाठोपाठ एक अशीं चार ठिकाणें लागतात : गिफू शहर, मिनो, गुजो हाचिमान आणि, पाणलोट ओलांडल्यावर पलीकडच्या खोऱ्यांत, शिराकावा. चारहि ठिकाणीं पाहुण्याचें स्वागत होतें. पण प्रत्येक ठिकाणीं त्याला दिलेली जागा निराळी आहे.

पहिलें ठिकाण गिफू शहर. तेथें ११ मे ते १५ ऑक्टोबर या काळांत जवळजवळ रोज रात्रीं नागारा नदीवर ‘उकाई’ चालते. उकाई म्हणजे पाणकावळ्यांकडून केलेली मासेमारी. या नदींतील मासेमारीची परंपरा तेराशें वर्षांची मानण्यांत येते. अंधार पडला, कीं लांबट लांकडी होड्या वरच्या बाजूनें प्रवाहाबरोबर खालीं येऊं लागतात. प्रत्येक होडीच्या नाळेपुढें लोखंडी जाळीची शेगडी टांगलेली असते व तींत देवदाराच्या जातीचीं लांकडें पेटविलेलीं असतात. त्या उजेडानें ‘आयु’ नांवाचे मासे दचकून हालूं लागतात आणि पाणकावळ्यांना दिसतात. नाळेशीं उभा असतो तो ‘उशो’ म्हणजे पक्ष्यांचा धनी. डोक्याला काळें फडकें, कमरेला पेंढ्याचा झगा, आणि एका हातांत दहा-बारा पक्ष्यांच्या दोऱ्या. पक्षी बुडी मारतात, एकमेकांना ओलांडतात, दोऱ्यांचा गुंता होतो. पण उशोचीं बोटें तो क्षणाक्षणाला सोडवीत असतात.

पक्ष्याच्या गळ्याभोंवतीं एक दोरी बेतानें बांधलेली असते. लहान मासा तिच्यांतून खालीं उतरतो आणि पक्ष्याच्या पोटांत जातो. मोठा मात्र गळ्यांतच अडकतो व उशो तो बाहेर काढून घेतो. हें पाहून कांहीं प्रवाशांना वाईट वाटतें, आणि तें वाटणें अस्वाभाविक नाहीं. मात्र उशोच्या घरीं पक्षी ज्या रीतीनें राहतात तेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. हे पक्षी इबाराकी प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर धरलेले असतात. पुढें वर्षानुवर्षें ते उशोच्याच घराच्या आवारांत वाढतात. रोज सकाळीं तो प्रत्येकाला हातांत घेऊन त्याची प्रकृति पाहतो. गिफू शहरांत असे सहा उशो आहेत व वरच्या अंगास सेकी येथें तीन. हा धंदा बापाकडून मुलाकडे जातो. १८९० सालापासून त्यांना राजवाड्याच्या खात्याकडून मान्यता मिळालेली असून दर मोसमांत ठराविक आठ वेळां धरलेले मासे सम्राटाच्या घराण्याकडे जातात.

उशोची उपजीविका मासे विकून चालली असती तर गोष्ट निराळी होती. वस्तुस्थिति अशी, कीं आज ती बव्हंशीं प्रेक्षकांवर चालते. छपराच्या होड्यांत बसून पाहुणे जेवतात, नदीवर अंधार होण्याची वाट पाहतात, आणि शेवटीं साही होड्या एका रांगेंत येऊन मासे उथळ पाण्याकडे रेटतात तो देखावा पाहून परततात. बाशो या कवीनें सतराव्या शतकांत ही मासेमारी पाहून त्यावर काव्य केलें. चार्ली चॅप्लिन ती पाहण्यास दोन वेळां आला. म्हणजे प्रेक्षक ही येथें नवी गोष्ट नाहीं. प्रेक्षकांच्या पैशानें पक्षी पोसले जातात, होड्या बांधणारे सुतार टिकतात आणि पुढच्या पिढीचा उशो तयार होतो. २०१५ सालीं जपानी सरकारनें या कौशल्याला महत्त्वाच्या लोकसंस्कृतीचा दर्जा दिला. तरीहि दोन बंधनें पैशापुढें वांकत नाहींत : शरदाच्या पौर्णिमेच्या रात्रीं मासेमारी होत नाहीं, आणि नदीला पूर आला तर होत नाहीं. पाहुणा कितीहि लांबून आलेला असो, त्या दिवशीं त्यानें कांठावरून पाणी पाहावें व परत जावें.

आणखी एक बंधन माणसांच्या हातचें आहे. आयु हा मासा समुद्रांत लहानाचा मोठा होऊन नदीनें वर चढतो. नागारेच्या मुखाजवळ बांधलेला मोठा बंधारा १९९५ सालीं सुरू झाला, तेव्हां त्यानें माशांची वाट अडेल म्हणून जपानभर वादळ उठलें होतें. नाळेवरची आग कितीहि तेजस्वी असली, तरी नदींत मासा नसेल तर ती केवळ शोभेची दारू होईल, ही गोष्ट कांठावरचे लोक जाणून आहेत.

नदीनें थोडें वर गेलें, कीं मिनो हें गांव लागतें. त्याचें नांव कागदावर चालतें. नारा येथील शोसोइन या राजकीय भांडारांत ७०२ सालची मिनो प्रांताची कुळवार नोंद जतन केलेली आहे. ज्यांची तारीख निश्चित सांगतां येते अशा जपानी कागदांपैकीं तो सर्वांत जुन्यांतला होय. बाराशें वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या त्या कागदाचेच वंशज आजहि तेथें तयार होतात. गांवांतील जुन्या पेठेंत कागदाच्या व्यापाऱ्यांचे वाडे उभे आहेत. त्यांच्या छपरांच्या दोन्ही टोकांना आगीपासून संरक्षण करणाऱ्या उंच भिंती आहेत, त्यांना ‘उदात्सु’ म्हणतात. ही भिंत उभारणें खर्चाचें काम असल्यामुळें, ज्याचें आयुष्यांत कांहीं वर येत नाहीं त्याचें ‘उदात्सु उभें राहत नाहीं’ असें जपानींत अजून बोलतात.

या कागदाची कृति पाहण्यासारखी आहे. तुतीच्या कुळांतील कोझो नांवाच्या झुडपाची आंतली पांढरी साल प्रथम पाण्यांत भिजत घालतात, नंतर क्षार घालून शिजवितात. पुढें वाहत्या पाण्यांत बसून सालींतील बारीकसारीक काळे कण बोटांनीं एक एक वेंचून काढावे लागतात. हें काम इतकें कंटाळवाणें आहे, कीं पाहणाराच आधीं थकतो. स्वच्छ साल कुटून तिचा लगदा होतो व तो पाण्याच्या टांक्यांत सोडतात. त्यांत तोरोरो-आओइ या वनस्पतीच्या मुळांतील बुळबुळीत रस मिसळतात. ही वनस्पति भेंडीच्या जवळची नातलग आहे, हें समजलें म्हणजे महाराष्ट्रांतील गृहिणीला त्या रसाचें स्वरूप सांगावें लागणार नाहीं. त्या रसामुळें तंतु पाण्यांत तरंगत राहतात, तळाशीं बसत नाहींत. मग बांबूच्या बारीक काड्यांची जाळी चौकटींत धरून कारागीर ती टांक्यांत बुडवितो आणि लांबीच्या व रुंदीच्या दोन्ही दिशांनीं हालवितो. तंतु एकमेकांत गुंफले जातात. ओले कागद एकावर एक रचले तरी चिकटत नाहींत. हळूहळू दाबून पाणी काढल्यावर ते एक एक सोडवून लांकडी फळ्यांवर पसरतात व वाळवितात.

मिनोच्या संग्रहालयांत प्रवाशाला स्वतः एक कागद करतां येतो. तो चौकट हातांत घेतो, शिक्षक सांगेल तशी हालवितो, आणि तासाभरानें जाड-पातळ, एका कोपऱ्यांत गोळा झालेला असा एक तुकडा घेऊन निघतो. तुकड्याची किंमत थोडीच असते. परंतु त्या तासाचा एक निराळा लाभ असतो : त्यानंतर तो प्रवासी कारागिराच्या हाताकडे पाहूं लागतो. जो कागद दिव्यापुढें धरला असतां कोठेंहि डाग अथवा दाटी दिसूं नये, तो करण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागतो, हें त्याला पुस्तकानें सांगून पटलें नसतें. मेजी काळांत या खोऱ्यांत कागद करणारीं कांहीं हजार घरें होतीं. यंत्राच्या कागदानें तीं थोडक्या घरांवर आलीं. २०१४ सालीं युनेस्कोनें मिनोसहित तीन ठिकाणच्या हातकागदाची परंपरा मानवजातीच्या वारशांत नोंदविली. २०२१ मध्यें टोकियोंत झालेल्या ऑलिंपिक सामन्यांतील विजेत्यांचीं मानपत्रें मिनोच्या कागदावर छापलीं गेलीं, आणि जुन्या चित्रांच्या व हस्तलिखितांच्या डागडुजीसाठीं परदेशांतील संग्रहालयेंहि हा कागद मागवितात. म्हणजे कारागिराला पाहुण्याशिवाय दुसरेंहि गिऱ्हाईक आहे, आणि त्याची मान ताठ आहे ती त्यामुळेंच. एके काळीं महाराष्ट्रांतहि जुन्नर आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा हीं गांवें हातकागदाकरितां प्रसिद्ध होतीं. त्या नांवांची आठवण असणाऱ्याला मिनोच्या टांक्याकडे नुसत्या कौतुकानें पाहवणार नाहीं.

मिनोहून नागारा नदीला चिकटून एक लहान आगगाडी वर जाते व गुजो हाचिमान या किल्ल्याच्या गांवीं पोंचते. १९१९ सालच्या आगींत गांवाचा मोठा भाग जळाला. पुढें घरें पुन्हां उभीं राहिलीं, ती जुन्याच अरुंद गल्ल्यांच्या कडेनें; आणि रस्त्याच्या बाजूनें पाण्याचे पाट जसे वाहत होते तसेच वाहत राहिले. तेथें झऱ्याच्या पाण्याचीं टांकीं पायरीपायरीनें बांधलेलीं असतात. वरच्या टांक्यांतील पाणी पिण्याचें, त्याच्या खालचें भाजी धुण्याचें, आणि त्याहून खालचें भांडीं घांसण्याचें. भांड्यांतून सुटलेलीं शितें खालच्या पाण्यांतील मासे खातात व पाणी स्वच्छ होऊन नदीला मिळतें. कोणतें पाणी कशाला वापरावें याची शिस्त शेजारणी आपसांत राखतात. पाहुण्यानें वरच्या टांक्यांत हात धुतला तर त्याला सौम्य शब्दांत समज दिली जाते.

या गांवाची दुसरी प्रसिद्धि थोडी गमतीची आहे. जपानांतील उपाहारगृहांच्या दाराशीं कांचेआड ठेविलेले खोटे पदार्थ प्रवाशांना नेहमीं फसवितात. मेणाचे असे पदार्थ करण्याचा धंदा ज्यानें मोठ्या प्रमाणावर उभा केला, तो ताकिझो इवासाकी या गांवचा. त्यानें १९३२ सालीं ओसाका येथें आपलें दुकान सुरू केलें. आज प्रवासी गुजोंत येऊन खोटी कोबी व खोटीं तळलेलीं कोळंबी स्वतः बनवितात. खोटी वस्तु खोटी म्हणूनच करून दाखविणें यांत फसवणूक नाहीं; उलट, जुन्या चालीचें सोंग खरेपणाच्या नांवानें विकण्यापेक्षां तें अधिक प्रामाणिक आहे.

तरी गुजोचें खरें नांव त्याच्या नृत्यामुळें आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत तीसांहून अधिक रात्रीं गांवाच्या निरनिराळ्या चौकांत फेर धरतात. मधोमध लांकडी मखर उभें करून त्यांत गाणारे व वाजविणारे बसतात. भोंवतालीं शेंकडों पाय एकाच तालांत पडतात. पायांत ‘गेता’ म्हणजे खडावांसारखीं लांकडी पादत्राणें असतात आणि दगडी फरसबंदीवर त्यांचा आवाज हाच एक वाद्य होतो. एकूण दहा नृत्यें आहेत. ‘हारुकोमा’मध्यें हात घोड्याचा लगाम धरल्यासारखे पुढें येतात, ‘काकांच्या’ अथवा ‘पाटलांच्या’ वेगळ्या रांगा कोठेंच नसतात. ऑगस्टच्या १३ ते १६ या चार रात्रीं तर फेर पहाटेपर्यंत थांबत नाहीं. हे ‘ओबॉन’चे दिवस. या दिवसांत पितर घरीं येतात अशी जपानी लोकांची श्रद्धा आहे; महाराष्ट्रांत पितृपंधरवड्यांत जी भावना असते तिचेंच हें एक रूप, मात्र येथें पितरांचें स्वागत नाचून होतें.

या नृत्याची एक राजकीय बाजूहि सांगतात. अठराव्या शतकांत जड करांमुळें गुजोच्या शेतकऱ्यांनीं १७५४ सालीं मोठें बंड केलें. तें वर्षानुवर्षें चाललें. पुढाऱ्यांना प्राण गमवावे लागले, पण १७५८ सालीं कानामोरी घराण्यालाहि आपली जहागीर गमवावी लागली. पुढें आलेल्या धन्यांनीं दुभंगलेली प्रजा एकत्र यावी म्हणून ओबॉनच्या दिवसांत सामुराई, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी या चारी वर्गांना एका फेरांत नाचण्यास उत्तेजन दिलें, असें परंपरा सांगते. मेजी काळाच्या आरंभीं अनेक प्रांतांत अशा नृत्यांवर सरकारी बंदी आली होती, ती ओलांडून गुजोचा फेर जिवंत राहिला. विसाव्या शतकांत त्याच्या रक्षणाकरितां गांवकऱ्यांनीं मंडळहि स्थापलें.

प्रवाशाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी, कीं येथें त्याच्यासाठीं बैठकीची सोय मुळींच मुख्य नसते. गुजोचे लोक आपल्या नृत्याला पाहण्याचें नृत्य म्हणत नाहींत, नाचण्याचें म्हणतात. फेराला दार नाहीं. जो कोणी येईल त्यानें पुढच्या माणसाचे पाय पाहावे आणि पाऊल टाकावें. चुकलें तर कोणी हंसत नाहीं. ज्याला चांगलें साधेल त्याला मंडळाचे लोक फेरांतच हेरून प्रमाणपत्र देतात. पहांटे शेवटीं ‘मात्सुसाका’ हें ठरलेलें गीत सुरू झालें, म्हणजे गांवकरी आणि पाहुणे दोघेहि थकलेले असतात व त्या वेळीं कोण कोठला हें सांगणें कठीण जातें. २०२० व २०२१ सालीं साथीमुळें फेर धरतां आले नाहींत. रात्रभराचा फेर पुन्हां सुरू होण्यास २०२३ साल उजाडलें. त्यापूर्वीं २०२२ मध्यें जपानांतील ४१ लोकनृत्यांना युनेस्कोनें एकत्रित मान्यता दिली, त्यांत गुजोचेंहि नांव आहे. परंतु ज्या वर्षीं एकहि प्रवासी आला नसता त्याहि वर्षीं गांवाला पितरांसाठीं नाचावेंसें वाटलें असतें, हें त्या मान्यतेपेक्षां मोठें बळ होय.

गुजोच्या पुढें रस्ता चढत हिरुगानो पठारावर जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८७५ मीटर उंचीवर तेथें एक लहानसा ओहोळ दोन भागांत फुटतो. एक भाग नागारेला मिळून दक्षिणेस प्रशांत महासागराकडे जातो, दुसरा शो नदीला मिळून उत्तरेस जपानी समुद्राकडे. त्या दुसऱ्या पाण्याबरोबर प्रवासी शिराकावाच्या खोऱ्यांत उतरतो. येथें हिवाळ्यांत बर्फ माणसाच्या उंचीहून वर साचतें, आणि त्या बर्फानेंच येथील घरांना आकार दिला आहे.

या घरांना ‘गास्शो-झुकुरी’ म्हणतात. ‘गास्शो’ म्हणजे जोडलेले हात. नमस्काराच्या घडणीचीं हीं घरें. गवताचीं दोन पाखीं सुमारे साठ अंशांच्या उतारानें वर जाऊन आढ्याशीं मिळतात, त्यामुळें बर्फ घसरून पडतें. छपराच्या सांगाड्याला खिळा नाहीं. वासे दोरांनीं आणि ओल्या फांद्यांच्या वेढ्यांनीं बांधलेले असतात, म्हणून बर्फाच्या ओझ्याखालीं व वाऱ्यांत छप्पर थोडें लवतें, मोडत नाहीं. खालीं माणसें राहत, वरच्या दोन-तीन माळ्यांवर रेशमाचे किडे पाळीत, आणि जमिनीखालीं बंदुकीच्या दारूसाठीं सोरा तयार करीत. आगटीचा धूर माळ्यांतून वर जाई आणि गवताला कीड लागूं देत नसे. घर, धंदा आणि हवामान यांची अशी सांगड ब्रूनो ताउट या जर्मन वास्तुशिल्पज्ञानें १९३५ सालीं पाहिली व जगापुढें तिची स्तुति केली.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र ही सांगड सुटूं लागली. रेशमाचा धंदा बसला. शो नदीवर १९६१ सालीं मिबोरो धरण पुरें झालें व कांहीं वस्त्या पाण्याखालीं गेल्या. कित्येक घरें विकलीं गेलीं, कांहीं जळालीं. तेव्हां ओगिमाची या वस्तींतील रहिवाशांनीं १९७१ सालीं एकत्र येऊन तीन नियम ठरविले : घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, पाडावयाचें नाहीं. सरकारनें त्या वस्तीला १९७६ मध्यें संरक्षण दिलें आणि युनेस्कोनें १९९५ मध्यें ती, शेजारच्या गोकायामा भागांतील दोन खेड्यांसह, जागतिक वारसा म्हणून नोंदली. म्हणजे मान नंतर आला. निश्चय आधीं गांवानें केला होता.

गवताचें छप्पर तीस-चाळीस वर्षांनीं बदलावें लागतें. तें काम एका कुटुंबाच्या शक्तीबाहेरचें. म्हणून ‘युइ’ नांवाची चाल पडली : ज्याचें छप्पर शाकारावयाचें त्याच्याकडे गांवांतील शंभर-दोनशें माणसें जमतात, एक पाखें दिवस-दोन दिवसांत उतरवून नवें चढवितात, आणि घरधनीण सर्वांना जेवूं घालते. पुढें दुसऱ्याची पाळी येते, तेव्हां हा त्याच्याकडे जातो. कोणी किती दिवस काम केलें याचा हिशेब स्मरणांत व वहींत राहतो. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला हें नवल वाटणार नाहीं. इर्जिक आणि सावड यांचा अर्थ तोच. पण तरुण मंडळी शहराकडे गेल्यामुळें आज बरेचसें शाकारणीचें काम धंदेवाईक कारागिरांकडे गेलें आहे व खर्चाचा मोठा भाग अनुदानांतून निघतो. घर टिकलें, पण घर टिकविण्याची चाल दुबळी झाली.

त्यांत २००८ सालीं थेट मोठा रस्ता झाला. दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या या गांवीं वर्षाला पंधरा लाखांवर माणसें येऊं लागलीं. बहुतेक गाड्यांतून उतरतात, छायाचित्रें काढतात, दोन-तीन तासांत निघून जातात. कांहीं कोणाच्या अंगणांत शिरतात, कोणाच्या दारांतून आंत डोकावतात. हीं घरें संग्रहालयांतील नमुने नसून त्यांत माणसें स्वयंपाक करतात, आजारी पडतात, कपडे वाळत घालतात, ही गोष्ट पाहुण्याच्या ध्यानांत राहत नाहीं. भाताचीं कांहीं शेतें गाड्या उभ्या करण्यासाठीं गेलीं, तेव्हां गांवानें गाड्यांचा तळ नदीपलीकडे हालविण्याचा मार्ग धरला. पाहुण्यानें पुलावरून पायीं गांवांत यावें. हिवाळ्यांत बर्फावर दिवे लावले जातात त्या रात्रीं इतकी गर्दी होई, कीं २०१९ पासून आधीं नांव नोंदविल्याशिवाय त्या दिवशीं प्रवेश बंद करण्यांत आला. एक उत्पन्नाचा मार्ग गांवानें आपल्या हातानें आंवळला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गवताच्या घरांना आगीची भीति सर्वांत मोठी, म्हणून दरवर्षीं शरद ऋतूंत घरोघरचे नळ एकाच वेळीं उघडून पाण्याचे उंच फवारे उडविण्याचा सराव होतो. तो प्रवाशांसाठीं नसून गांवासाठीं असतो.

शिराकावाचें खरें दर्शन घ्यावयाचें, तर एखाद्या घरीं मुक्काम करावा असें जाणते सांगतात. गाड्या निघून गेल्यावर, आगटीपाशीं बसून नदींतला मासा व डोंगरांतली भाजी खाल्ल्यावर, घरधनिणीला दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून काय काय करावें लागतें हें समजतें. ऑक्टोबरांत देवळांच्या उत्सवांत तांदळाची गढूळ दारू देवाला दाखवून मग सर्वांना देतात. पाहुण्यालाहि ती मिळते, पण ती देवाच्या प्रसादाचा भाग म्हणून. ती घेतांना त्याला रांगेंत गांवकऱ्यांच्या मागें बसावें लागतें.

या चार ठिकाणांचा एकत्र विचार केला, तर आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर थोडेंफार हातीं येतें. गिफूंत पाहुणा प्रेक्षक आहे, पण चंद्र आणि पूर यांच्यापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. मिनोंत तो तासापुरता शिष्य होतो आणि आपलें अज्ञान घेऊन परततो. गुजोंत त्याला फेरांत जागा आहे. शिराकावांत त्याला थोपविण्याची वेळ आली, आणि गांवानें ती कटु गोष्ट केली. जेथें गांवाला ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार व धैर्य राहिलें, तेथें चाल पुष्कळशी चाल राहिली. जेथें तो अधिकार दुबळा झाला, तेथें छप्पर उभें असूनहि ‘युइ’ विरळ होत गेली.

म्हणून त्या खोऱ्यांत जाणाऱ्या प्रवाशानें कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या. एका दिवसांत चार गांवें उरकूं नयेत. एका गांवीं चार दिवस राहावें. दारांतून डोकावण्यापूर्वीं विचारावें. फेरांत उभें राहिलें तर छायाचित्राचें यंत्र खिशांत ठेवावें आणि पाय हालवावे. कागद आवडला तर स्वतः केलेल्या तुकड्याबरोबर कारागिराचाहि एक ताव विकत घ्यावा, कारण त्याच्या चुलीचा प्रश्न त्या तावावर सुटतो. आणि पुरामुळें होड्या सुटल्या नाहींत, तर गांवावर रागावूं नये. त्या रात्रीं उशो घरींच असतो, पक्षी आवारांत झोपलेले असतात, आणि नदी उतरली म्हणजे आग पुन्हां पेटणार असते.